सोन्याच्या खाणींचा मुलूख जुन्या नकाशांवर कसा वाचावा

कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, कोलोमा इथल्या सटरच्या लाकूड-गिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोन्याचे कण दिसले ते २४ जानेवारी १८४८ रोजी. पुढच्या शंभरेक वर्षांत हा सगळा उतार उलथापालथ झाला. नद्यांची पात्रं उपसली गेली, पाण्याच्या झोतांनी टेकड्या खाली आणल्या गेल्या, डोंगरांच्या कडेकडेने मैलोन्‌मैल पाट खोदले गेले, जमिनीखाली बोगद्यांची जाळी झाली. ऑक्टोबर १९४२ मध्ये युद्धकाळातल्या एल-२०८ या सरकारी आदेशाने बहुतेक सोन्याच्या खाणी थांबल्या आणि त्यातल्या पुष्कळशा नंतर उघडल्याच नाहीत. आज तिथे फिरणाऱ्याला पाइनची झाडं दिसतात, त्यामागचा इतिहास दिसत नाही. तो पाहायचा तर जुने स्थलदर्शक नकाशे हातात घ्यावे लागतात.

नवशिक्याने याच मुलखापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेचं भूशास्त्रीय सर्वेक्षण, म्हणजे यूएसजीएस, ही १८७९ साली स्थापन झालेली संस्था. १८८४ पासूनचे तिचे छापील स्थलदर्शक नकाशे स्कॅन होऊन सर्वांसाठी खुले आहेत. पैसे नाहीत, नोंदणी नाही, वापरावर बंधन नाही. शिवाय एकाच टेकडीचे तीन-चार पिढ्यांचे नकाशे मिळतात, आणि हीच खरी शिदोरी आहे. एकटा नकाशा फक्त त्याच्या सालाची साक्ष देतो. जागा तीच ठेवून सालं बदलत गेलात, तर काय उगवलं, काय बुडालं, काय पुसलं गेलं हे कळायला लागतं. खालची सगळी कृती याच एका गोष्टीसाठी आहे.

पहिली पायरी: जागा लहान निवडा

"कॅलिफोर्नियाचा सुवर्णप्रदेश" ही अभ्यासाची जागा नव्हे. एका दिवसात पायी पालथी घालता येईल एवढीच जागा घ्या: एक खाण, एक ओढा, एक उजाड गाव. या लेखात मी नॉर्थ ब्लूमफील्ड हे गाव आणि त्याला लागूनचा मॅलाकॉफ डिगिंग्ज हा खड्डा घेतो.

ही जागा घेण्याचं कारण असं. इथे सोनं खडकाच्या शिरेत नव्हतं, तर प्राचीन नद्यांनी साठवलेल्या आणि पुढे डोंगरमाथ्यावर राहून गेलेल्या गोट्या-वाळूच्या थरात होतं. नळाच्या तोंडातून प्रचंड दाबाने पाणी सोडून तो थर खाली पाडायचा, राडारोडा लाकडी पन्हळींतून वाहू द्यायचा आणि तळाशी बसलेलं सोनं पाऱ्याने धरायचं, अशी पद्धत होती. उरलेला गाळ सरळ युबा नदीत जाई. तो पार खाली मेरीसव्हिलपर्यंत पोचला, नदीचं पात्र वर आलं, शेतं आणि वस्त्या पुराखाली जाऊ लागल्या. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी नॉर्थ ब्लूमफील्ड ग्रॅव्हल मायनिंग कंपनीविरुद्ध निकाल दिला आणि नदीत गाळ सोडायला मनाई केली. मागे राहिलेला खड्डा सुमारे ७,००० फूट लांब, ३,००० फूट रुंद आणि काही ठिकाणी ६०० फुटांपर्यंत खोल आहे. एवढी मोठी जखम नकाशावर लपत नाही, म्हणून डोळा तयार करायला ती उत्तम.

दुसरी पायरी: योग्य शीट शोधा

यूएसजीएसचे नकाशे अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत कापलेले असतात. सर्वांत जुनी पिढी ३० मिनिटांची, म्हणजे अर्ध्या अंशाची. नंतरची १५ मिनिटांची. त्यानंतरची साडेसात मिनिटांची. एका ३० मिनिटांच्या शीटमध्ये १५ मिनिटांच्या चार आणि साडेसात मिनिटांच्या सोळा शीट मावतात. प्रत्येक शीटला तिच्या हद्दीतल्या एखाद्या ठळक गावाचं किंवा शिखराचं नाव दिलेलं असतं.

इथेच नवीन माणूस अडकतो, कारण शीटचं नाव आणि आपल्याला हव्या त्या गावाचं नाव बहुधा जुळत नाही. नॉर्थ ब्लूमफील्ड साधारण ३९° २२′ उत्तर आणि १२०° ५४′ पश्चिम इथे आहे. त्यामुळे जुन्या पिढीत ते कोलफॅक्स शीटवर येतं, कारण त्या शीटची चौकट ३९° ते ३९° ३०′ आणि १२०° ३०′ ते १२१° अशी आहे. नेवाडा सिटी हे जवळचंच गाव, पण ते १२१° रेखांशाच्या किंचित पश्चिमेला, म्हणून शेजारच्या स्मार्ट्सव्हिल शीटवर, तेही अगदी उजव्या काठाशी. तेव्हा नावावरून शोधू नका, अक्षांश-रेखांशावरून शोधा, आणि जागा काठाजवळ असेल तर शेजारची शीटही उतरवून घ्या. साडेसात मिनिटांच्या पिढीत गावाच्या नावाचीच नॉर्थ ब्लूमफील्ड शीट आहे, पण खड्डा तिच्या वरच्या काठाजवळ पडतो. म्हणून उत्तरेकडची पाइक शीटही सोबत ठेवा.

नावांची स्पेलिंगंसुद्धा बदललेली असतात. जुनी शीट "स्मार्ट्सव्हिल", तर साडेसात मिनिटांची शीट "स्मार्टव्हिल". नॉर्थ ब्लूमफील्डचं स्वतःचं आधीचं नाव हंबग होतं. १८५७ मध्ये टपाल कचेरी आली तेव्हा ते बदललं, पण ओढ्याचं नाव अजून हंबग क्रीकच आहे. जुन्या पत्रांत किंवा वर्तमानपत्रांत सापडलेलं गाव नकाशावर दिसेना, तर आजूबाजूच्या ओढ्यांची नावं वाचा. गावाचं नाव बदललं तरी ओढ्याने ते धरून ठेवलेलं असू शकतं.

तिसरी पायरी: सालाची उलटतपासणी

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या. नकाशावर एकच साल असतं असं समजू नका. मोजणी कोणत्या वर्षी झाली, नकाशा प्रथम कधी निघाला, ही प्रत कधी छापली, विमानातून घेतलेली छायाचित्रं कोणत्या वर्षाची, जागेवर पडताळणी कधी झाली, आणि नंतर सुधारणा कधी केली, ही सगळी सालं वेगवेगळी असू शकतात. ती चौकटीबाहेरच्या बारीक मजकुरात असतात, आणि बहुतेक जण तिथे पाहतच नाहीत.

१८९० च्या दशकात मोजलेला नकाशा पुढे अनेक वर्षं पुन्हापुन्हा छापला जाई. १९३० सालची छापील प्रत हातात घेऊन "१९३० मध्येही इथे गिरणी होती" असं कुणी लिहिलं, तर ते विधान पोकळ आहे. गिरणी मोजणीच्या साली होती, एवढंच त्या कागदावरून म्हणता येतं. रेल्वेचंही तसंच. कोलफॅक्सहून ग्रास व्हॅलीमार्गे नेवाडा सिटीला जाणारी अरुंद रुळांची गाडी १८७६ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडली गेली. एखाद्या शीटवर ती दिसते की नाही, एवढ्यावरूनही छापील सालापेक्षा खरं साल ताडता येतं.

साडेसात मिनिटांच्या काही शीटवर जांभळा रंग दिसेल. ही सुधारणा नव्या हवाई छायाचित्रांवरून कचेरीत बसून केलेली असते. जांभळ्या रंगात आलेलं तळं, रस्ता किंवा घरांची वस्ती मूळ नकाशानंतरची. हा रंग नवशिक्याचा मोठा मित्र आहे, कारण "आधी" आणि "नंतर" एकाच कागदावर वेगळं दाखवलेलं मिळतं.

प्रत्येक शीटसाठी वहीत एक ओळ करा: शीटचं नाव, प्रमाण, मोजणीचं साल, छपाईचं साल, सुधारणेचं साल. ही ओळ भरल्याशिवाय त्या शीटवरून कोणतंही विधान लिहू नका.

चौथी पायरी: प्रमाण ओळखा आणि त्याच्या कुवतीबाहेरचं विचारू नका

३० मिनिटांच्या शीट १:१,२५,००० प्रमाणाच्या. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर सव्वा किलोमीटर. १५ मिनिटांच्या १:६२,५००, साडेसात मिनिटांच्या १:२४,०००, म्हणजे एक सेंटिमीटरला २४० मीटर. सिएराच्या जुन्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, १०० फुटांच्या अंतराने आहेत. साडेसात मिनिटांच्या डोंगराळ शीटवर त्या बहुधा ४० फुटांच्या.

जुन्या काळी मोजणीदार फळीवर कागद ठेवून, ठरावीक बिंदू मोजून, मधला भाग डोळ्यांनी पाहून रेखाटत. त्यामुळे त्या रेषा डोंगराचा एकंदर आकार छान सांगतात, पण एखाद्या बोगद्याच्या तोंडाची जागा त्यांवरून पन्नास पावलांत ठरवायला जाऊ नका. नंतरच्या १:२४,००० नकाशांना ठरवून दिलेली अचूकता अशी, की तपासलेल्या ठळक बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू खऱ्या जागेपासून ४० फुटांच्या आत असावेत. या दोन पिढ्या एकमेकींवर ठेवताना हा फरक कायम मनात असू द्या.

या मुलखाला एक अपवादही लाभला आहे. वाल्डेमार लिंडग्रेन या भूशास्त्रज्ञाने केलेल्या नेवाडा सिटी विशेष फोलिओत, १८९६ मध्ये, नेवाडा सिटी आणि ग्रास व्हॅलीचा खाणपट्टा १:१४,४०० एवढ्या मोठ्या प्रमाणावर छापला गेला. भूगर्भ अ‍ॅटलासच्या या फोलिओंत मजकूर, स्थलदर्शक नकाशा आणि त्यावरच रंगवलेला खडकांचा नकाशा असे एकत्र मिळतात. कोलफॅक्सचा फोलिओ १९०० चा, तोही लिंडग्रेनचाच. त्यावर प्राचीन नद्यांचे सोन्याचे थर वेगळ्या रंगात आहेत. हा रंग पाहिला की पाण्याने फोडलेले खड्डे डोंगरमाथ्यांवर रांगेने का आहेत, हे सांगायला दुसरं कुणी लागत नाही. मॅलाकॉफवर काम करणाऱ्याने हा फोलिओ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पाचवी पायरी: उतरवा आणि एकमेकांवर ठेवा

यूएसजीएसच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर जा, नकाशावर जागेपर्यंत मोठं करा, प्रमाण आणि सालाची चाळणी लावा. त्या जागेच्या सगळ्या शीट बाजूला यादीत येतात. नुसतं पाहायचं असेल तर जेपेग पुरे. गूगल अर्थमध्ये आजच्या उपग्रहचित्रावर पांघरायचं असेल तर केएमझेड. क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत काम करायचं असेल तर जिओटिफ. पहिल्या आठवड्यात केएमझेड पुरेसं आहे. त्यातली पारदर्शकतेची पट्टी मागेपुढे सरकवत राहिलात तरी खूप कळतं.

थर जुळले नाहीत तर घाबरू नका. बहुतेक विसाव्या शतकातल्या शीट १९२७ च्या उत्तर अमेरिकी संदर्भावर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी ठरवलेल्या पायावर, बसवलेल्या आहेत. त्या शीटच्या काठावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे आजच्या जीपीएसमध्ये घातले, तर या भागात बिंदू ९० ते १०० मीटर सरकतो. जिओटिफमध्ये हा संदर्भ नोंदलेला असतो आणि प्रणाली तो सांभाळते. हाताने आकडे टिपत असाल तर मात्र संदर्भाचं नाव सोबत लिहा. आणखी जुन्या शीटवर कागदाचा ताण, जुनी मोजणी, सगळंच मिसळलेलं असतं. तिथे नदीचे संगम आणि शिखरं जुळवून पाहा; रस्ते आणि घरांवर भरवसा ठेवू नका, ती जागा बदलतात.

सहावी पायरी: आता वाचा

रंगांपासून सुरू करा. जुन्या शीटवर तीनच रंग: माणसाने केलेलं ते काळं, पाणी निळं, जमिनीचा चढउतार तपकिरी. जंगलाचा हिरवा नंतर आला.

खाणीच्या खुणा चार लक्षात ठेवा. तिरपे ओलांडलेले दोन कुदळी-हातोडे म्हणजे उघडी खाण किंवा खणकामाची जागा. अर्धा काळा भरलेला छोटा चौकोन म्हणजे उभी विहीर, खाणकामगारांचा शाफ्ट. इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण म्हणजे डोंगरात आडवा शिरणारा बोगदा. तिची शेपटी बोगद्याची दिशा दाखवते. फुली म्हणजे कुणीतरी खणून पाहिलं होतं. फुलीला सोनं समजू नका. पुष्कळ फुल्यांच्या जागी काहीही मिळालेलं नव्हतं.

मला स्वतःला या नकाशांवर सर्वांत मोलाचे वाटतात ते पाट. पाण्याचा झोत द्यायचा तर पाणी उंचावर हवं, आणि ते दूरच्या धरणांतून आणावं लागे. डोंगराच्या कुशीतून समोच्च रेषेला जवळजवळ समांतर, अगदी हळू उतरत जाणारी बारीक रेषा दिसली की तो पाट. ओढा रेषांना आडवा कापतो, पाट रेषांच्या सोबत चालतो. एवढा एक नियम ध्यानात आला की पाट आपसूक दिसू लागतात. पाट वरच्या बाजूला नेत नेत गेलात तर धरण सापडतं, खालच्या बाजूला गेलात तर खाण. खाणीचं नाव नकाशावर पुसलं गेलं असेल तेव्हा पाटाचं टोक तिची जागा दाखवतं. नंतरच्या पिढीत यातले काही पाट नाहीसे होतात, काहींवरून रस्ते गेलेले दिसतात, आणि काही शेतीला आणि गावांना पाणी पुरवणाऱ्या संस्थांकडे जाऊन वाहतेच राहिले.

आता मॅलाकॉफचा खड्डा. १:२४,००० शीटवर समोच्च रेषा एका जागी एकदम दाटतात आणि कड्याचा अर्धगोल करतात. त्याच्या आत त्या विरळ होतात. दाट भाग म्हणजे झोताने कापलेली भिंत, विरळ भाग म्हणजे तळ. बाहेरच्या नैसर्गिक टेकड्यांच्या रेषा गोलसर आणि संथ आहेत, त्यांच्याशी ही तोड ताडून पाहा. मग हाच भाग कोलफॅक्सच्या जुन्या शीटवर उघडा आणि १०० फुटांच्या रेषांत त्यातलं किती टिकलंय ते बघा. पुढे खड्ड्यातलं पाणी कुठे जातं ते शोधा. कंपनीने गाळ काढण्यासाठी सुमारे ७,८०० फुटांचा बोगदा खडकातून खोदला होता. तेव्हा जमिनीवरच्या उतारावरून पाण्याची वाट ठरवायला गेलात तर गोंधळ होईल.

ओढ्याच्या काठी "टेलिंग्ज" असा शब्द किंवा ठिपक्यांचा पट्टा दिसला तर तो खाणीचा टाकाऊ चुरा. नदीकाठच्या "बार" आणि सपाटीवरच्या "फ्लॅट" जोडलेल्या नावांची यादी करा; या मुलखात ती बहुधा सोनं धुण्याच्या जागांशी जोडलेली आहेत.

सातवी पायरी: दुसऱ्या साक्षीदाराला विचारा

स्थलदर्शक नकाशे १८८० च्या दशकाआधीचं सांगत नाहीत, आणि खाणींचा ऐन भराचा काळ तर त्याआधीचा. ती पोकळी भरायला अमेरिकेच्या जमीन कार्यालयाचे मोजणी नकाशे आहेत. जमीन व्यवस्थापन खात्याच्या अभिलेख-स्थळावर ते खुले आहेत. सहा मैल चौरस तुकड्यांच्या त्या नकाशांवर झोपड्या, पाट, वाटा, काही ठिकाणी खाणींचे दावेही, म्हणजे खणण्याचा हक्क सांगितलेल्या जागा, नोंदलेले दिसतात. गावातल्या इमारतींसाठी सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे पाहा. काँग्रेसच्या ग्रंथालयाने त्यांतले पुष्कळ स्कॅन केले आहेत.

यूएसजीएसने जुन्या स्थलदर्शक नकाशांवरच्या खाणखुणा टिपून त्यांची यूएसमिन नावाची माहितीही खुली केली आहे. ती वापरा, पण आधी स्वतः शीट वाचून आपली यादी करा आणि मग ताडून पाहा. उलट क्रमाने केलंत तर डोळा तयार होणार नाही.

आठवी पायरी: जागेवर जाणार असाल तर

नकाशावरची शाफ्टची खूण ही जाण्याचं निमंत्रण नव्हे. कॅलिफोर्नियात सोडून दिलेल्या खाणी सुमारे ४७,००० असाव्यात असा राज्याच्या संवर्धन खात्याचा अंदाज आहे. कुजलेल्या फळ्यांनी झाकलेल्या विहिरी, प्राणवायू नसलेले बोगदे, पाऱ्याचा अंश असलेला गाळ, आर्सेनिक असलेला चुरा, हे सगळं खरं आहे आणि जीव घेणारं आहे. बोगद्यात दोन पावलंही टाकू नका. जमीन कुणाची ते आधी पाहा; पुष्कळ जागा खासगी आहेत आणि सरकारी वनजमिनीवरही चालू दावे असतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू संघराज्याच्या जमिनीवरून उचलणं १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याने गुन्हा ठरू शकतं. मॅलाकॉफ आणि ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण ही दोन्ही राज्य ऐतिहासिक उद्यानं आहेत. नकाशा हातात घेऊन हिंडायला पहिल्यांदा तिथेच जा.

यानंतर कुठे

मॅलाकॉफ झाल्यावर पाण्याखाली गेलेलं गाव घ्या. फेदर नदीकाठचं बिडवेल बार काही काळ ब्यूट परगण्याचं मुख्य ठाणं होतं. १९६० च्या दशकात ओरोव्हिल धरण झालं आणि ते बुडालं. त्याच नावाची जुनी ३० मिनिटांची शीट आहे, त्यामुळे शोधायला त्रास नाही. अमेरिकन नदीवरचं मॉर्मन आयलंड १९५० च्या दशकात फोल्सम जलाशयाखाली गेलं. त्यासाठी जुनी सॅक्रमेंटो शीट पाहा. जुन्या शीटवरून बुडालेल्या गावाची उंची वाचा, जलाशयाच्या पाणीपातळीशी ताडा, आणि ते किती फूट खाली असेल ते काढा.

त्याहून अवघड हवं असेल तर मेरीसव्हिलच्या वरच्या अंगाची युबा गोल्डफील्ड्स. सिएरातून वाहून आलेला गाळच तिथे तरत्या यंत्रांनी पुन्हा उपसला गेला, आणि दगडगोट्यांच्या वळ्या व त्यांच्यामधली तळी साडेसात मिनिटांच्या शीटवर विलक्षण नागमोडी दिसतात. इथे वर सांगितलेले वाचनाचे नियम अपुरे पडतील, कारण उपसणी चालू असताना जमीनच हलत होती आणि दोन सलग छपायांत तळ्यांची जागा बदललेली असू शकते. म्हणून इथे शीटवरचं हवाई छायाचित्राचं साल आधी टिपा, छपाईचं नंतर, आणि दोन शीटची तुलना करताना छायाचित्रांच्या सालांमधलंच अंतर धरा.